कोपऱ्यातली खोली

प्रिय आई,
तुला आणि बाबांना नमस्कार. आम्ही बेटावर सुखरूप पोचलो. बोट लागली नाही, तू दिलेल्या लवंगा कामी आल्या.

राहायचं कुठे, ते इथे येऊन ठरवू, असं हे म्हणाले होते. समुद्राकाठचं पहिलंच हॉटेल मला आवडलं. पण मालकीणबाई ह्यांना पाहताच हसून म्हणाल्या, "याही वेळी कोपऱ्यातलीच खोली ना? आणि बाईसाहेब कुठायत?"

हे पांढरेफटक पडले. ह्यांची पहिली बायको गेली, ते त्या बाईंना कुठून कळणार? आणि ती दोघं इथे येऊन गेलीत, ते मला तरी कुठे ठाऊक होतं?

काळजी करू नकोस. आम्ही टेकडीवरचं घर भाड्यानं घेतलं. पंखा आहे, पाणी गोड आहे. पण हे तासन्‌तास त्या हॉटेलच्या छपराकडे बघत बसायचे. मी दार लावताना उगाच थांबायचे, मागून कुणी येतंय असं वाटून.

आज सकाळी मीच बॅगा भरल्या. म्हटलं, "चला, कोपऱ्यातली खोली घेऊ."

"तुला चालेल?"

"इथे राहून तरी ती कुठे लांब गेली?"

आता त्याच खोलीतून लिहितेय. हे पोटभर रडले. मग लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी तिचं नाव घेतलं आणि बोलतच राहिले. भीती वाटते गं, पण बरंही वाटतं.

बाबांचा गुडघा कसा आहे? त्यांना यातलं काही सांगू नकोस.

ती पलंगावर खिडकीकडे झोपायची, म्हणाले. मी आपली भिंतीकडची बाजू घेतली आहे.

तुझीच,
धाकटी