चिठ्ठीवर लिहिता न आलेलं गाणं

बाबा, इथे जपानात, सेंदाईला, माझ्या बसथांब्यासमोर तळघरात एक कॉफीचं दुकान आहे. तिथे बोलायला बंदी. हवं ते गाणं चिठ्ठीवर लिहून द्यायचं, म्हातारा मालक त्याची तबकडी लावतो. वीस वर्षं मी तिथून न थांबता गेले. परवा दुपारी आतून गिटारची तार ओढून वाजवल्याचा आवाज आला आणि मी जिना उतरले.

तसाच आवाज तुमच्या कॅसेटवर होता. तुमच्या प्रयोगशाळेत आलेल्या अमेरिकन पाहुण्याने जाताना ती तुम्हाला दिली होती. फार जुन्या तबकड्यांवरून उतरवलेली तिकडच्या कृष्णवर्णीय गायकांची ब्लूज नावाची दुःखाची गाणी, मधेच फिडल-बँजोवाल्यांचा एखादा ताफा, आणि सगळ्यामागे कढईत काही तळत असावं तशी खरखर. रविवारी भाजी चिरताना तुम्ही ती लावायचात. एक शब्द कळायचा नाही, तरी म्हणायचात, "याला कुणीतरी सोडून गेलंय गं." मी म्हणायचे, "म्हणून आपण का सोसायचं?"

एम.एस्सी.च्या तोंडी परीक्षेआधी मी त्याच कॅसेटवर माझी उत्तरं रेकॉर्ड केली. चुकून झालं, असं सांगितलं. "परीक्षा तुझी, आणि शिक्षा माझ्या गाणाऱ्याला?" म्हणून तुम्ही हसलात. पण गाणी पुसली जाऊ नयेत म्हणून कॅसेटच्या कडेचे प्लास्टिकचे तुकडे तुम्हीच मोडले होते. पुन्हा रेकॉर्ड करता यावं म्हणून त्या खाचांवर मी लावलेली चिकटपट्टी तुम्हाला दिसलीच असणार. एका गाण्याची चाल तेवढी माझ्या डोक्यात राहिली.

नाव ठाऊक नाही, मग चिठ्ठीवर लिहिलं: एक माणूस, एक गिटार, पायाने ठेका. मालकाने मला खुणेने जिन्यात बोलावलं. गळ्यातलं विद्यापीठाचं ओळखपत्र पाहून, इथे शिक्षकांना हाक मारतात तसं म्हणाला, "सेन्सेई, गुणगुणा." मी गुणगुणले. "गाताय की विद्यार्थ्यांना रागावताय? पुन्हा. हळू."

मग त्याने एकेक तबकडी लावली. चार वेळा मी नकार दिला, पाचव्यांदा होकार. त्याला इतका आनंद झाला की न मागता बिस्किटं आणून ठेवली.

विद्यार्थ्याचं चुकलेलं दशांशचिन्हही मी सोडत नाही, बाबा. पण ते गाणं तुमचं होतं का, मला सांगता येणार नाही. पहिली चार ऐकता ऐकताच तुमची चाल डोक्यातून गेली होती. आज सकाळपासून आठवून पाहते आहे. येत नाही.