चाचणीची तयारी

सोम. ७ जुलै
शिवू आज परत शाळेतून पळून आली. दप्तर तिकडंच. पलंगाखाली जाऊन बसली, ओढायला गेले तर हाताला चावली. नऊ वर्षांची पोर. शाळेच्या मॅडमचा निरोप ह्यांच्या दुकानावर आला, गिऱ्हाइकांच्या देखत. हे घरी येऊन म्हणाले, "कावून पळती ही? कुणी मारतंय का तिथं?" शिवू पलंगाखालीच. सोमवारचा उपास सोडायचा राहूनच गेला.

मंगळ. ८ जुलै
लिहून ठेवते. दर नव्या डॉक्टरपुढं माझं निम्मं सांगायचं राहतं.
गावातल्या डॉक्टरांनी जंत सांगितले. गोळ्या झाल्या, पोटदुखी तशीच. रविवारी दुखत नाही म्हटलं तर हसले. मग बीडला नेलं. तिथं फिटची शंका. डोक्याला वायरी लावून तपासलं, काही निघालं नाही, तरी औषध दिलं. पोर दिवसभर पेंगायची, ते मीच बंद केलं. बीडचे दुसरे डॉक्टर म्हणाले अतिचंचल. पण माझ्या लिंगपूजेला तीच पोर अर्धा तास मांडी हलवत नाही. शाळेच्या मॅडम म्हणतात, "डोकं कमी हाय तिचं, वेगळ्या शाळेचं बघा." सासूबाईंच्या मते नजर.
काल विचारत होती, "मम्मी, तू मरणार न्हाई ना?" वीसेक वेळा तरी. प्रत्येक वेळी नाही म्हणाले. एकविसाव्याला ओरडले.

गुरु. १० जुलै
अंबाजोगाईला जाऊन आलो. केजला गाडी बदलली, शिवूनं दोनदा उलटी केली. मनाच्या आजाराच्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत, सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, आधी चाचणी करू, मग नाव देऊ.
चाचणी घेणाऱ्या ताई वेगळ्या. दार लोटलेलं होतं, फटीतून मला दिसत होतं. लाल-पांढरे ठोकळे, चित्रात काय राहिलंय ते सांगायचं, आकडे उलटे म्हणायचे. मग ताईंनी विचारलं, "तुला कशाची भीती वाटते का?" शिवू टेबलाखाली. फ्रॉक ओला.
अर्ध्यावरच राहिली. २४ ला बोलावलंय. ताई म्हणाल्या, "घाबरली तरी चालेल हो, आम्हाला तेच बघायचंय."
येताना हे गाडीत तिकिटाच्या घड्या घालत होते. मला वाटलं, नापास झाली पोर.

शनि. १२ जुलै
दुकानातल्या काडेप्या काड्या ओतून रिकाम्या केल्या, ठोकळे म्हणून त्यांना लाल आणि पांढरा कागद डकवला. नऊ झाल्या. मी दहावी पाठांतरावरच निघाले होते. शिवूलाही काढीन. त्या वेगळ्या शाळेचा कागद माझ्या हातात पडायला नको. एकदा तो पडला की

(सासूबाईंनी हाक मारली.)

बुध. १६ जुलै
उलटे आकडे पाचपर्यंत आले. चित्रं जुन्या पुस्तकातली घेतली, त्यातलं शेपूट, चाक, चष्म्याची काडी पांढरा कागद डकवून झाकते आणि विचारते. झटक्यात सांगते. डोकं कमी म्हणे.
बोलण्याचा भाग अवघड. "शाळा आवडते का?" "हो." हे जमलं. "भीती वाटते का?" याला पहिल्यांदा खालीच बघितलं. मी म्हटलं, म्हण, मला भीती वाटत न्हाई, मी शहाणी हाय. तिसऱ्या वेळी खणखणीत म्हणाली. खडीसाखर दिली.
सासूबाई दारातून बघत होत्या. "दवाखान्याची बी शिकवणी का गं आता?"

गुरु. २४ जुलै
एकदाही अडली नाही. ठोकळे तर ताईंचं बोलणं संपायच्या आत लावले. ताई तिच्याकडं बघत राहिल्या, मग बाहेर येऊन मला विचारलं, घरी सराव घेतला का?
नाही म्हणाले.
गळ्यात लिंग आहे माझ्या. तरी खोटं बोलले.

गुरु. ३१ जुलै
हे एकटेच जाऊन चाचणीचा कागद घेऊन आले. बुद्धी वयाच्या मानानं चांगली. मुलाखतीत भीतीची लक्षणं दिसली नाहीत. वागण्याचा प्रश्न, घरात शिस्त लावावी, पुढं गरज वाटल्यास दाखवावं.
बुद्धी चांगली एवढंच चारदा वाचलं. शिरा केला, महादेवाला दाखवला.
ह्यांनी मात्र पुढचं वाचलं. "म्हणजे डोकं शाबूत हाय. भीती बी न्हाई. मग ही समदी नाटकं." सासूबाई म्हणाल्या, "लाडानं बिघडवली सूनबाईनं." शिऱ्याची वाटी माझ्या हातात तशीच.

मंगळ. ५ ऑग.
हे रोज स्वतः सोडायला जातात. आज गाडीवर बसेना तर उचलून बसवलं, दोन्ही हात धरून वर्गापर्यंत नेलं. मॅडमना कागद दाखवला. मॅडमनी वर्गाची आतून कडी लावली म्हणे, पळू नये म्हणून.
दुपारी आली ती ओल्या कपड्यांनी. ह्यांनी मारलं. ह्या माणसानं आजवर तिच्यावर बोट उचललं नव्हतं. मारून झाल्यावर दुकानात गेले, जेवायला आले नाहीत.
मी काहीच बोलले नाही. बोलले असते तर सगळंच बोलावं लागलं असतं.

शुक्र. ८ ऑग.
शाळेतून आल्यावर पलंगाखाली. मी भाकरी करत होते, तिचं काहीतरी पुटपुटणं ऐकू आलं. वाटलं पाढे. जवळ गेले.
"मला भीती वाटत न्हाई. मी शहाणी हाय. मला भीती वाटत न्हाई." दात वाजत होते, दोन्ही मुठी पोटात खुपसलेल्या.
मी फरशीवर आडवी झाले. म्हटलं, कुणाला सांगतीस गं?
"मला."
तव्यावरची भाकरी जळाली. माझ्यानं उठवलं नाही.

सोम. ११ ऑग.
पूजेला बसले, मन लागेना. विभूती लावली आणि उठले. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा जाऊन ह्यांना सांगितलं. काडेप्या, उत्तरं, ताईंना खोटं बोलले ते, सगळं.
"डॉक्टरला फसवलंस?"
"हो."
"कशापाय?"
"ती मतिमंद ठरू नये म्हणून."
हे तागडीची साखळी हातात घेऊन बसले. म्हणाले, "मी तिला त्यो कागद बघून मारलं, सुमन."
मग एक म्हातारी गूळ मागायला आली.

गुरु. १४ ऑग.
दोघंही गेलो. हे बाहेरच थांबले, म्हणाले तूच सांग. डॉक्टरीणबाईंपुढं सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "भीती वाटते म्हणाली असती तर काय बिघडलं असतं?"
त्याचं उत्तर घरी येईपर्यंत शोधत होते.
तीच चाचणी आता लगेच घेऊन उपयोग नाही, पाठ झालेली आहे. मध्ये बरेच महिने जावे लागतील. तोवर त्या दर गुरुवारी शिवूला एकटीला घेऊन बसणार. शाळेसाठी चिठ्ठी दिली, कडी लावू नका. नाव? "आत्ताच देत नाही. काळजीचा आजार असू शकतो, दुसरंही काही असू शकतं. मला तिच्याकडून ऐकू द्या."
निघताना म्हणाल्या, "आठवडाभर तिला काही शिकवू नका. एवढं जमेल?"
जमेल म्हणाले. सोपं वाटलं.

रवि. १७ ऑग.
सोपं नाही. आज तीनदा जिभेवर आलं, नीट बोल बरं गुरुवारी. गिळलं. सासूबाई म्हणतात, "पोरीच्या तोंडून घरातलं काय काय निघंल, ध्यान हाय का?" आहे. मारलेलं सांगेल. माझं ओरडणं सांगेल. काडेप्या सांगेल.
सांगू दे. असं लिहिते आहे, पण

गुरु. २१ ऑग.
केजपर्यंत ठीक. गाडी बदलल्यावर शिवूनं माझा पदर धरला.
"मम्मी, आज काय सांगायचं?"
"जे असंल ते."
"जे असंल ते म्हणजी कोणतं?"
मी खिडकीबाहेर बघितलं. तिनं पदर ओढला. "तू एकदा म्हणून दाव ना. मी पाठ करते."
मला म्हणून दाखवता आलं नाही. खरंच येत नव्हतं.
आत गेली. या वेळी दार पूर्ण लावलं. फट नाही. मी ॐ नमः शिवाय धरलं, मोजणं सुटत होतं. आतून रडणं नाही, हसणं नाही. एकदा खुर्ची सरकली. शिपाई दोनदा म्हणाला, ताई, बसा की.
पाऊण तासानं आली. फ्रॉक कोरडा. डोळे लाल. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, पुढच्या गुरुवारी या. एवढंच. मी वाट बघत उभी राहिले, त्या पुढचा पेशंट बोलवायला लागल्या.
गाडीत शिवू माझ्याकडं बघत होती. "मम्मी, मी बरोबर सांगितलं का?"
"मला काय माहीत तू काय सांगितलंस."
"मग तू विचार ना."
नाही विचारलं. विचारलं असतं तर तेही पाठ केलं असतं तिनं. आमचं नेकनूर येईपर्यंत ती माझ्या तोंडाकडं बघत होती, आणि मी खिडकीबाहेर.