ट्रम्पेटात काही बिघाड नाही

३ मार्च

चि. फुंक्यास, दादाचे अनेक आशीर्वाद.

हवा गळते म्हणून तू ट्रम्पेट माझ्या दुकानात पाठवलंस, त्याचा खरा खर्च ऐक: माझा अख्खा रविवार, तिन्ही झडपा खोलून परत बसवणं, नळी पाण्यात बुडवून बुडबुडे शोधणं, वर तुझ्या वहिनीची बोलणी. बुडबुडा एक निघाला नाही! मग तुझं रेकॉर्डिंग ऐकलं. वरचा सूर लागायच्या आधी बारीक 'स्स' येतं. लोकांची वाद्यं दुरुस्त करून पोट भरलंय मी, कान मला फसवत नाहीत. हवा पितळेतून नाही गळत, गाढवा, तुझ्या दातांतून गळते. पुढचे दात हलतायत ना? वाद्यवृंदातल्या तुझ्या जागेचा फैसला तोंडावर आलाय आणि तू पितळेवर खापर फोडतोस?

माझ्याकडे बघ. साठी उलटली, बत्तीसच्या बत्तीस जागेवर. सुतळी अजून दातांनी तोडतो. हिरडीतून रक्ताचा थेंब नाही की डॉक्टरची पायरी चढलो नाही.

आशीर्वाद आहेतच, पण ते चावायला दात हवेत.

तुझा दादा

१२ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

शिव्या पोचल्या. कान तुझे खरे, दोन दात हलतायत. डॉक्टरीणबाईंनी हिरडीत बारीक सळई घातली, तर ती आत जातच राहिली. म्हणाल्या, दात आणि हिरडी यांच्यामध्ये खिसा झालाय. दातावरचा थर तसाच राहिला की काही जंतू त्या खिशात उतरतात. त्यांना हवा सोसत नाही, म्हणून तिथेच माजतात. शरीर त्यांच्याशी भांडतं, आणि त्या भांडणात दाताखालचं हाड झिजतं. जन्मभर हवा फुंकली मी, आणि जिथे ती पोचत नाही नेमकं तिथेच घर लुटलं गेलं!

तिथे ब्रश का नाही लावला, असं त्यांनी विचारलं. काय सांगू? पहिल्यांदा रक्त आलं तेव्हा तूच म्हणालास, रक्त येतं तिथे ब्रश लावू नकोस, आपोआप बरं होतं. मी मूर्खासारखं ऐकून ती जागा वर्षानुवर्षं सोवळ्यात ठेवली. बाई कडाडल्याच. म्हणाल्या, रक्त येतं तिथेच तर हलक्या हाताने साफ करायचं असतं.

आता खिसे आतून खरवडतायत. तोवर वाद्यवृंदात मला शेवटच्या खुर्चीवर बसवलंय. दात सावरले नाहीत तर तीही जाईल. आणि तुझ्या बत्तिशीचं कौतुक पुरे. तू सिगारेट ओढतोस ना, तिने हिरडीचं रक्त दबतं, रोग नाही दबत, असंही बाई म्हणाल्या. तूही तपासून घे.

राग आहे तो राहील. लोभाचं तू बघ.

फुंक्या

२० मार्च

चि. फुंक्यास आशीर्वाद.

तू माझं अर्धंच ऐकलं असशील, असं लिहायला बसलो होतो. तुझी वहिनी म्हणाली, तोच सल्ला तिलाही दिला होता, नशीब तिने कधी माझं ऐकलं नाही. सिगारेटचं पाकीटही तिने काढून घेतलंय. घरात मला तोंड उघडायची सोय उरलेली नाही.

ट्रम्पेट पाठवतोय. शेवटची का होईना, खुर्ची सोडू नकोस. रक्त आलं म्हणून ब्रश थांबवलास तर तिथे येऊन कान उपटीन.

लोभ आहे, म्हणून तर ओरडतो.

तुझा दादा

ता. क. उद्या डॉक्टरकडे जातोय. काल पाव चावला, तर पुढचा एक दात पावातच राहिला.