आईने धुतलेल्या पिशव्या

बोईसर, गुरुवार, संध्याकाळ

आजही कारखान्यातल्या टाकीतून भुकटीऐवजी प्लास्टिकचा पिवळट गोळाच निघाला. त्याला नासक्या दुधाचा वास. ऑपरेटर म्हणाला, "मॅडम, फिर वही." मालकांनी सोमवारपर्यंत मुदत दिलीय. नाहीतर प्रकल्प बंद, आम्ही सगळे घरी.

लॅबमध्ये दुधाच्या रिकाम्या पिशव्या मी टाकीतल्या ह्याच द्रावकात विरघळवायचे आणि प्लास्टिकची पांढरीशुभ्र भुकटी परत मिळायची. मग इथे काय चुकतंय? तापमान, ढवळणं, गाळण्या, सगळं बदलून झालं. वास जात नाही.

मघाशी घरी आले तर गॅलरीत दोरीवर पिशव्या वाळत होत्या. आई प्रत्येक पिशवी उलटी करून गरम पाण्याने धुते, चिमट्याला लावते. लॅबला मी ह्याच तर न्यायचे. कारखान्यात भंगारातल्या येतात, आम्ही त्या नुसत्या पाण्यात बुचकळून घेतो. हे माझ्या कसं लक्षात आलं नाही? आणि आता आलं तरी काय, टनावारी पिशव्या एकेक उलटून कोण धुणार?

"लागतील ना तुला?" म्हणत आईने आणखी एक जुडी हातात ठेवली.

मी वास घेऊन पाहिला. कसलाच नव्हता.