तू घण उचलला नाहीस

आई, परवा तुझ्या नातीच्या हातात रायफल बघितली. खरी, सरकारी. नगरला पोलिसांच्या मैदानावर शाळेच्या मुलांना हत्यारं दाखवायचा कार्यक्रम होता आणि टेबलामागं खाकी वर्दीत, केस टोपीखाली घट्ट बांधून, ती उभी होती. मी सुप्याच्या कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा काढून गेले. लांबून बघून गुपचूप परतायचं ठरवलं होतं, पण छाती अशी भरून आली की शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी मास्तरांना सांगूनच टाकलं, "ती पोरगी माझी आहे." त्यांनी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि हात जोडले. घिसाड्याच्या पालात जन्मलेल्या बाईला मास्तरांनी आपणहून नमस्कार केला, आई. तू असतीस तर तोंडाला पदर लावून हसली असतीस. तेव्हापासून एकच गोष्ट मनात घोळते आहे, आणि ती तुझ्याशिवाय कुणाला विचारण्यात अर्थ नाही. नातीच्या हातातलं हत्यार तुला चाललं असतं का?

कारण मला पाथर्डीचा तो दिवस आठवतो. दसऱ्याच्या आगेमागे आपलं पाल तिथं रस्त्याकडेला पडायचं. ऊसतोडीला निघालेली माणसं जीप भरून यायची, कोयता घेऊन पुढं जायची. ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचं ते लोखंड. दादा, माझा बाप, भट्टीतून सांडशीनं लालभडक तुकडा ओढून ऐरणीवर धरतो, बारक्या हातोडीनं एक ठोका देऊन जागा दाखवतो, आणि त्याच जागी तुझा घण पडतो. दादाची हातोडी बोलायची आणि तुझा घण 'हो' म्हणायचा, आपल्या लोकांत कामाची रीतच तशी. बाई घण मारते हे बघायला जाणारे-येणारे थांबत. तू त्यांनाही सोडायची नाहीस. "बगता काय नुसतं? या, दोन घाव तुमी बी घाला," म्हणायचीस, की मोठाले मिशीवाले गडी लगेच चालू लागायचे. मी तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापत हे सगळं बघायचे. आपली आई सगळ्या पाथर्डीत ताकदवान आहे याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

दादाला मात्र कोयत्यांचं फार कौतुक नव्हतं. त्याचा जीव जुन्या गोष्टींत. आपल्या वाडवडलांनी फौजेसाठी भाले घडवले, नगरच्या किल्ल्याला तोफेचे गोळे दिले, पुढं गोऱ्या साहेबानं हत्यारं बंद केली आणि आपल्या नशिबी खुरपी-विळे आले, हे तो आल्यागेल्याला सांगायचा. किती खरं, किती मीठमसाला, देव जाणे. पण सांगताना त्याची पाठ सरळ व्हायची. म्हणून मोटारसायकलवरून तो गावपुढारी आला आणि "मिरवणुकीसाठी तलवारी पायजेत, घडवशील का?" म्हणाला, तेव्हा दादा हरखला. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी त्याला त्याच्या वाडवडलांचं काम सांगत होतं. पुढाऱ्यानं पाटे सोबतच आणले होते. तू एवढंच विचारलंस, "कशापायी?" तो म्हणाला, "निस्त्या दाखवायला." त्यावर तू म्हणालीस, "दाखवायच्याच हायेत तर लाकडाच्या करा की. वरून चंदेरी कागद लावा, लई झगमगत्यात." कोयत्यासाठी थांबलेली माणसं फिस्सकन हसली.

दादानं तुझ्याकडं लक्ष दिलं नाही. त्यानं भाता जोरात चालवला, पाटा तापवला, ऐरणीवर धरला आणि हातोडीचा ठोका दिला. तू घण पायाशी उभा धरून तशीच उभी. त्याला वाटलं, तुझं ध्यान नाही. त्यानं पुन्हा ठोकलं. तू जागची हलली नाहीस, आणि नजरही चोरली नाहीस. लाल लोखंड आमच्या डोळ्यांदेखत काळं पडत गेलं. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला तरी मला उलथणं सापडेना. पुढारी म्हणाला, "काय रे, बायकोपुढं चालत न्हाई व्हय तुजं?" दादाचा चेहरा मला अजून दिसतो. एकट्यानं घडवायला त्याचे हात कमी नव्हते. पण तुझ्या हातातला घण ओढून घ्यायचं त्याच्यानं झालं नाही. त्यानं गार झालेला पाटा उचलून पुढाऱ्याच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाला, "आमच्यात जोडीनं काम हुतं, साहेब. जोडी न्हाई म्हंती." आई, तू नाही म्हणालीस हे खरं, पण ते वाक्य म्हणायला दादालाही छाती लागली असेल, हे मला पुष्कळ उशिरा सुचलं. दुसऱ्या दिवशी आपल्याला त्या जागेवरून उठवलं. ऐन हंगामात गाढवांवर बिऱ्हाड लादून आपण तिसगावच्या वाटेला लागलो आणि दादा कितीतरी दिवस तुझ्याशी बोलला नाही.

वाटेत मी विचारलं तेव्हा तू म्हणालीस, "कोयत्याचं काम संपतं गं. फड तुटला की त्यो खुटीला. तलवारीला रोजचं काम न्हाई, मंग ती काम हुडकत फिरती. आन घडवली आपुन म्हंजी ती आपल्या नावानं फिरती." एवढं बोलून तू गाढवाला दटावत पुढं निघून गेलीस. हत्यारांबद्दल इतकं सरळ मी त्यानंतर कुणाकडून ऐकलं नाही. पोरीच्या शाळेच्या पुस्तकात दगडी हत्यारांचं चित्र होतं, त्यावर ती विचारायची, याने पहिल्यांदा कंद खणला असेल की कुणाचं डोकं फोडलं असेल? मी म्हणायचे, दोन्ही, आणि बहुतेक एकाच दिवशी. माणसानं धार शोधली तेव्हापासून त्याला दोन्ही कामं एकदमच सुचत आली असावीत.

आता तुला एक वाईट बातमी सांगते. तुझा कोयताही बदलला, आई. शहरातली पोरं तो शर्टात लपवून फिरतात, नाचवतात, मोबाईलवर त्याचे व्हिडिओ टाकतात. ऊस कशाशी खातात हेही त्यांना ठाऊक नसेल. तुझी नात असले कोयते जप्त करून आणते. पहिल्यांदा आणले त्या दिवशी ती घरी येऊन वर्दीतच उंबऱ्यावर बसली. मग म्हणाली, "आई, चांगल्या घडणीचे होते गं. आजीनं घाव घालून घडवलेत असंच वाटत होतं." आम्ही दोघी त्या दिवशी नीट जेवलो नाही.

तुझं तलवारीवरचं ते बोलणं मी तिला पोलीस भरतीच्या वेळीच ऐकवलं होतं. वाटलं, बिचकेल. पण ती तुझीच नात. म्हणाली, "आजीचं बरोबर हाय. पण माझी रायफल काम हुडकत फिरत नाही. कुलपात असते. सही करून घ्यायची, पुसायची, परत ठेवायची. मोकाट फिरणाऱ्या तलवारींना कुणीतरी आडवं जायला नको का? आजी गेलीच होती की, घण खाली ठेवून." खरं सांगू, तिला खोडून काढावं असं मला वाटलंही नाही. परवा मैदानावर एका मुलानं विचारलं, "मॅडम, तुम्ही कुणाला मारलंय का?" ती शांतपणे म्हणाली, "नाही. आणि तसंच रिटायर व्हायची माझी इच्छा आहे." मुलं जराशी हिरमुसली. मी मात्र टाळ्या वाजवल्या, एकटीनंच. मला अभिमान वाटतो तिचा. तू नाराज असशील तरी वाटतो, हे तुला तोंडावर सांगते.

हे पत्र कुठं पाठवणार? तुझी राख प्रवरेत गेली, आणि तुला वाचताही येत नव्हतं. पण पत्ता असता तरी मी ते टाकलं नसतं. कार्यक्रम संपल्यावर पोरगी म्हणाली, "आई, रिकामी हाय, धरून बघ." मी धरली. नळीवरून हात फिरवला. कुठं खाच नाही, कुठं ठोक्याची खूण नाही, असं लोखंड मी आयुष्यात हाताळलं नव्हतं. माझी पाठ आपोआप सरळ झाली, दादाची व्हायची तशी. पोरीनं परत घ्यायला हात पुढं केला, आणि आई, मला ती लगेच द्यावीशी वाटली नाही.