सदूसाठी घेतलेली गिटार

इटली, १९४५. संध्याकाळ.

आमच्या पोशीर गावचा सदू लढाईत जखमी होऊन इथल्या लष्करी इस्पितळात आहे. जुन्या बाजारात त्याने एक वापरलेली गिटार हेरून ठेवली होती. ती आणायला आज मला पिटाळलं. निघताना डॉक्टरांनी गाठलं. सदूच्या डाव्या हाताची बोटं उद्या कापणार. त्यांना आपली भाषा येत नाही, मला थोडं इंग्रजी कळतं, तेव्हा सदूला मीच सांगायचं.

तरी गिटार घेतली. दुसरं काय करणार होतो?

ती छातीशी धरून सदू म्हणाला, "पट्टी सुटेस्तवर तू तारा दाब रं, मी छेडतो."

दाबल्या. सूर निघाला.

"नेरळला उतरलो का वाजवीतच घरी जाऊ. पट्टी कदी सोडनार रं? डाक्टर काय बोलला?"

"काय नाय," म्हणालो, आणि तारा दाबत राहिलो.