मुळं वर, टोकं खाली

९ फेब्रुवारी

काम लागलं! केसांच्या टोपांचा कारखाना. पोत्यातून केस येतात, त्यांच्या जुड्या लावायच्या. सगळी मुळं वर, सगळी टोकं खाली. एवढंच. एक जुडी जरी उलटी गेली तरी टोप धुतल्यावर असा गुंता होतो की कात्रीच लावावी लागते. मालकीणबाईंनी हे पुन्हा पुन्हा बजावलं. शेवटी बजावत होत्या तेव्हा खिडकीबाहेर एक माणूस शिडी घेऊन चालला होता. शिडी इतकी लांब की तो वळला तरी ती वळेना. तेच बघत बसलो.

राहायला कारखान्याच्याच वरचा मजला. घर एका म्हाताऱ्या सरांचं. कॉलेजात इंग्रजी शिकवायचे, आता काचबिंदूने डोळे गेलेत. एकटेच. भाडं नाही, संध्याकाळी त्यांना वाचून दाखवायचं. माझं इंग्रजी म्हणजे दहावीला दोनदा बसून जे अंगाला लागलं तेवढं. सर म्हणाले, नुसतं वाच, अर्थ मी सांगतो.

११ फेब्रुवारी

साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी कविता. वाचून जबडा दुखला. सरांना बहुतेक सगळ्या पाठ आहेत — मग मला कशाला पिळतात देव जाणे! पण अर्थ भारी. कुठलाही कवी घ्या, मागणं एकच. बाई गं, दिवस कलला, फूल संध्याकाळपर्यंत टिकायचं नाही, तू नाही-नाही करत बसलीस तर म्हातारी होशील. तेव्हा आत्ताच ये. सर म्हणाले, त्या काळी रोगराई, लढाया, माणसं पटापट जायची, त्यामुळे घाई थोडी खरीही होती. पण निम्मं गोंजारणं, निम्मी भीती. "याला प्रेम समजू नकोस. ही वकिली आहे."

मग त्या बाया काय म्हणायच्या? मी विचारलं.

"त्यांना कोण विचारतंय?"

१५ फेब्रुवारी

खाली कारखान्यात एक बाई आहे. तिशी ओलांडलेली. बारीक आकड्याच्या सुईने जाळीत एकेक केस ओवते. कपाळावरची केसांची रेघ फक्त तिलाच जमते, म्हणून सगळे तिला सुईवाली म्हणतात. मला ती भटक्या म्हणते. तिचं लग्न ठरलंय जहाजावरच्या एका आचाऱ्याशी — ठरून सहा वर्षं झाली! तो दर वेळी म्हणतो, पुढच्या खेपेला नक्की. बाकीच्या बाया म्हणतात, नवरा आहे की ध्रुवतारा, दिसतो पण खाली काही उतरत नाही. तीही हसते.

सरांना सांगितलं तर उठूनच बसले. आवाज कसा, बोटं कशी, सगळं विचारलं. मग म्हणाले, "कर की वकिली. बघू चालते का."

१६ फेब्रुवारी

पहिलाच डाव फसला. म्हटलं, अहो, फूल कोमेजतं. म्हणाली, मग पाणी घाल.

२२ फेब्रुवारी

सर म्हणाले, फुलं सोड, तिच्या हाताखालचं काहीतरी धर. धरलं! जुड्या लावता लावता म्हटलं, यातली प्रत्येक वेणी कुणाच्या तरी डोक्यावर होती. त्या बाईलाही वाटलं असेल, आहे की अजून वेळ. तो उतरेल तोवर तुमच्या डोक्यावर काय उरेल? एक टोप स्वतःसाठीही विणून ठेवा.

सुई थांबली.

जाताना आरशाच्या तुकड्यात भांग न्याहाळत होती. मला मस्त वाटलं. कुत्रं पहिल्यांदा हात चाटतं तेव्हा वाटतं ना, तसं.

२७ फेब्रुवारी

'अहो' सुटलं, 'तू'वर आलो. तुला घेऊन जातो म्हटलं, लांब. कुठे ते तिने विचारलं नाही, बरं झालं. सरांना रोज सगळं साग्रसंगीत लागतं. पुस्तक उघडतच नाही आता. पडदे फाटलेत म्हणून त्यांनी तिला वर बोलावून घेतलं. पडदे चांगले होते.

५ मार्च

गोची! एका गायिकेचा टोप परत आला. पहिल्याच धुण्यात पुढचा भाग म्हणजे चिमणीचं घरटं. अख्खी जुडी उलटी. लावली मीच होती, बोलण्याच्या नादात. एरवी तिच्या बोटांना लगेच कळतं. तीही नादातच होती.

मालकीणबाईंनी सगळ्यांसमोर टोप तिच्या मांडीवर टाकला. म्हणाल्या, या वयात नजर भिरभिरायला लागली की असंच व्हायचं. कपाळाच्या रेघेचं काम काढून घेतलं. उद्यापासून हौदावर केस धुवायचे. तिने माझ्याकडे पाहिलं. मी जुड्यांकडे पाहिलं.

६ मार्च

सर म्हणाले, आता पिकली. मी म्हटलं, काय हो सर! तर म्हणतात, "तुझ्याच मनातलं बोललो."

१० मार्च

तिने आचाऱ्याला फोन केला. हौदापाशी, ओल्या हातांनी. म्हणाली, आता नका येऊ. तो म्हणाला, बरं.

सहा वर्षं — आणि बरं!

मग सरळ माझ्याकडे आली. "चल. कुठे जायचं?"

म्हटलं होतं मी, पण कवितेत म्हणतात तसं! तिच्या हातांना साबणाचा वास, बोटांची कातडी पांढरी पडून सुरकुतलेली. एकदम कुणाची तरी थोरली बहीण वाटली. म्हटलं, जरा थांब. थोडे दिवस.

"थांब? मला तू सांगतोस, थांब?"

११ मार्च

पहाटे निघालो. ट्रकवाल्याला हात केला.

१९ मार्च

डोंगरात बोगदा खणतायत, तिथे राबलो. दगड फुटताना बघायला मजा येते, सुरुंगाआधी सगळे पाखरांसारखे पांगतात. पण आडवा झालो की तिची बोटं दिसतात. हे सरांच्या पुस्तकातलं नाही. हे माझं मलाच झालंय. उद्या परत जातो. आता खरंच म्हणणार, चल.

२० मार्च

हौदावर नव्हती. वर गेलो तर दार तिनेच उघडलं. माझी पिशवी बांधून ठेवलेली. लग्न झालं म्हणाली, परवा, सरांशी. साक्षीला मालकीणबाई.

मी म्हटलं, अगं, सत्तरी उलटली त्यांची.

"हळू बोल, ह्यांचा डोळा लागलाय." मग बाहेर येऊन दार ओढून घेतलं. "तूच सांगायचास ना, वेळ थोडा आहे. तुझ्यापाशी ढीगभर आहे रे. ह्यांच्यापाशी खरंच थोडा आहे. तेवढा काढला की घर माझं."